पहिल्या साच्याचा रिपोर्ट

उल्हासचा फोन आला तेव्हा मी डबा उघडत होते. फरिदाबादच्या आमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत तो भट्टी सांभाळतो, मी लॅब.

"हेमलताताई, गडबड झालीय. सोमवारी लाइट गेली, रसाची बादली धरलेली क्रेन वीस मिनिटं अडकली. शेवटचे वीस साचे मी त्याच ताटकळलेल्या रसाने भरले. आज त्यातलं एक ब्रॅकेट गाडीवरून पडलं आणि फुटलं, यार."

मी डबा तसाच झाकला. लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम टाकलं की कार्बनचे बारीक गोळे होतात आणि असं लोखंड वाकतं, सहसा फुटत नाही. रस ताटकळला की मॅग्नेशियम उडून जातं. कार्बन तेवढाच राहतो, पण त्याचे पापुद्रे होतात आणि लोखंड बशीसारखं तडकतं. बाहेरून काही कळत नाही. रिपोर्ट लवकर हवा म्हणून आम्ही नेहमी पहिल्याच साच्यातल्या लोखंडाचा तुकडा तपासतो. तसाच तपासून मी साठच्या साठ ब्रॅकेटांवर 'पास' लिहिलं होतं. सगळी एकाच ढिगात पडलेली. अक्कल गहाण टाकली होती मी!

त्यातली पाच दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सायटीवर गेली होती. चार ब्रॅकेटांवर मजुरांना नऊ मजले वर नेणारा पिंजरा टांगलेला, पाचवं सुटं. पिंजरा आज दुपारी सुरू होणार होता. तिथला फोन लागेना. मी ऑटो केली आणि अख्ख्या रस्त्यात सिग्नलला शिव्या घातल्या.

पोचले तेव्हा आठ मजूर पिंजऱ्यात उभे होते. ठेकेदार चढ्ढाने माझं ऐकून घेतलं आणि फाइलमधून कागद काढला.

"मॅडम, ये साइन आपका ही है ना?"

"मेरा ही है. गलत है. मैंने गलती की."

"कार्बन ठीक लिखा है."

"कार्बन ठीकच है! अंदर से बनावट बदल गई है!"

तो हसला. मी संतापून सुटं ब्रॅकेट ओढलं, दगडावर आडवं ठेवलं आणि घण घातला. ते फुटलं नाही. दुसऱ्या घावाला चक्क वाकलं. चांगल्या चाळिसांतलं निघालं मेलं! मला रडू फुटलं.

"देख लिया? चलो, चालू करो," चढ्ढा ओरडला.

मी पिंजऱ्यात शिरले. आतला गज दोन्ही हातांनी धरला.

"चढ्ढासाब, आप भी आइए. आपके पास तो कागज है."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून ब्रॅकेटांकडे पाहिलं. एकदा कागदाकडे. जागचा मात्र हलला नाही.

मजूर त्याच्याचकडे बघत होते. सगळ्यांत म्हाताऱ्याने डोक्यावरची विटांची पाटी खाली ठेवली आणि तो बाहेर पडला. मग दुसरा, मग सगळेच. शेवटी आत मी एकटी उरले, आणि गजावरची माझी बोटं भीतीने सुटेनात, मला बाहेर येता येईना.