खोट्या ताऱ्यांची रात्र

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यासमोर नटूनथटून कधी कोणी उभे राहिले नाही. मी दुर्बिणीच्या टोकाला बसून ताऱ्यांचे फोटो काढत असे. माझ्या पोटात मला थंड ठेवणारे एक छोटे यंत्र आहे, कारण कॅमेरा तापला की त्याला अंधारात नसलेले ठिपके दिसू लागतात.

टेकडीवरच्या वेधशाळेत मला आणले, तेव्हा माझे फार कौतुक झाले. तिथे वेध घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. त्यांची सख्खी धाकटी बहीण संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. मला चालवणारा प्रोग्रॅमही तिचाच. दोघी माझ्या दोन बाजूंना बसून गरम चहा पीत आणि बारीकसारीक गोष्टींवरून भांडत. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका रात्री एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा काही क्षण दिसेनासा होणार आणि पुन्हा उजळणार. तो किती वेळ झाकला जातो, यावरून त्या लघुग्रहाचा आकार कळणार होता. असा योग ताईंच्या हयातीत पुन्हा येणार नव्हता.

धाकटीने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चालू केली. पडद्यावर तारे लखलखले. ती खूश झाली; ताई मात्र पडद्याजवळ वाकल्या.

"हे फोटो माझ्या कॅमेऱ्याचे नाहीत," त्या म्हणाल्या.

धाकटी चिडली. कॅमेरा म्हातारा झालाय, आता कुठे चांगलं दिसतंय तर तेही हिला खपत नाही, असे ती पुटपुटली. ताईंनी पडद्याच्या कडेला बोट ठेवले. "याच्या प्रत्येक फोटोत इथे एक काळी रेघ येते. ती कुठाय?"

ती रेघ म्हणजे माझे जन्माचे व्यंग. माझ्या सेन्सरची एक ओळ आंधळी आहे. मला तिची लाज वाटायची.

ताईंनी उठून माझ्या तोंडावर झाकण लावले. पडद्यावरचे तारे तसेच चमकत राहिले.

धाकटीचा चेहरा उतरला. सरावासाठी तिने प्रोग्रॅममध्ये एक काल्पनिक कॅमेरा ठेवला होता. नव्या आवृत्तीत माझ्याऐवजी तोच निवडला गेला होता. तिने घाईघाईने माझी निवड केली, ताईंनी झाकण काढले, पण पडदा काळाच. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तरी मी त्याला सापडेना. शेवटी ताई टॉर्च घेऊन माझी केबल चाचपत आल्या. दुर्बीण वळली की ती ताणली जाऊन माझ्यापासून निसटत होती. जवळ दुसरी केबल नव्हती आणि चिकटपट्टी दवाने सुटत होती.

धाकटी शिडीवर चढली आणि दुर्बिणीला धक्का लागू न देता केबल दाबून उभी राहिली. पडद्यावर खरे तारे आले, आणि कडेला माझी रेघ. थंडीने तिची बोटे बधिर झाली.

"सोडू का गं?"

"नको. अजून दिसतोय तो." मग ताई हळूच म्हणाल्या, "गेला."

धाकटीने केबल तशीच दाबून धरली.

"आला."

ताईंनी धाकटीला खाली उतरवले आणि तिचे हात आपल्या हातांत घेऊन कितीतरी वेळ चोळले. चूक कोणाची, हा विषय दोघींनीही काढला नाही.

पुढे नवा कॅमेरा आला. आता वेध घरबसल्या घेतले जातात. घुमटात कोणी फिरकत नाही. ताई निवृत्त झाल्या, धाकटी दूर राहायला गेली. मी कपाटात आहे.

मित्रांनो, यंत्र रुसले तर त्याच्यावर डाफरण्याआधी त्याच्याजवळ जा, त्याला हात लावून बघा. त्याच्या खोडी ओळखणारे माणूस लाभले, तर म्हातारे यंत्रही साथ देते. आणि हे कपाट कधी उघडलेत, तर माझ्या काचेवरची धूळ मऊ कापडाने पुसा. जमलेच तर एकदा मला बाहेर मोकळ्यावर न्या. केबल जोडू नका, फोटोही नको. नुसते वर तोंड करून ठेवा.