सुलटा सातिया

“थांब आई, परत मोजतायत,” विनीता फोनमधून म्हणाली आणि सुमंगलाबाईंच्या हातातली सुई साडीच्या फॉलमध्ये तशीच अडकून राहिली.

देवासच्या टेकरीखालच्या गल्लीतलं त्यांचं पिको-फॉलचं दुकान म्हणजे दुकान तरी कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. त्यात आज शेजारचा शेव-नमकीनवाला धीरज पेढ्यांचा खोका घेऊन घुसला होता, आणि मागच्या घरातल्या रुक्मिणीवहिनी स्टूल अडवून बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे शिलाई मशीनला टेकवून ठेवलेल्या फोनवर. फोनमध्ये इंग्लंडातल्या कुठल्याशा गावचा व्हरांडा, काचेच्या दारापलीकडे लांबलचक टेबलं, त्यांच्यावर माना घालून मतं मोजणारी गोरी माणसं. आणि अलीकडे विनीता. खांद्यावर आईनं पाठवलेली, धारजवळच्या बाग गावच्या ठशांची ओढणी, तिच्यावर उमेदवाराचं कापडी फूल टाचलेलं.

“काकी, टेंशन मत लो,” धीरज म्हणाला. “दुबारा गिन रहे, मतलब अपनी विनीता टक्कर में है.”

गल्लीनं विनीताला कधीच ‘लंदनची पार्षद’, म्हणजे नगरसेविका, करून टाकलं होतं. ते लंडन नाही, लंडनपासून लांबचं एक बाजाराचं गाव आहे, ती तिथल्या इस्पितळात नर्स आहे आणि तिथल्या जिल्हा कौन्सिलला अपक्ष उभी आहे, हे सांगून सांगून सुमंगलाबाईंचं तोंड दुखलं होतं. ऐकतो कोण? ती कशासाठी उभी आहे हे कळल्यावर तर धीरज पोट धरून हसला होता. कौन्सिलनं पैसे वाचवायला बाजारातल्या सार्वजनिक शौचालयाला कुलूप घातलं होतं, आणि ते उघडावं म्हणून विनीता दारोदार फिरत होती.

“भिया, वहाँ भी येइच लफड़ा?” तो म्हणाला होता. “मैं तो समझा था वहाँ परियाँ रहती हैं.”

काचेचं दार उघडलं. कुणीतरी विनीताला आत बोलावलं. फोनवर बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं. मग टाळ्या ऐकू आल्या, आणि परत तिचा चेहरा.

“गेलं आई. नऊ मतांनी.”

आणि काय सांगावं, सुमंगलाबाईंचा जीव भांड्यात पडला. लेक हरली आणि आईचा जीव भांड्यात पडला! क्षणभरच, पण पडला. दुसऱ्याच क्षणी त्यांना विनीताचा खालचा ओठ दिसला. बालवाडीत पहिल्या दिवशी सोडून आल्या होत्या तेव्हा असाच थरथरत होता. तसा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रुक्मिणीवहिनींना वाटलं, आईचं काळीज. धीरजलाही तेच वाटलं.

“नौ वोट!” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “इतने तो मेरे घर में हैं!” मग त्यानं खोक्याची दोरी सोडलीच. “हारी तो हारी, लड़ी तो सही. खाओ काकी.”

सुमंगलाबाईंनी पेढा न खाता मशीनच्या कडेला ठेवला.

आता हे असं का झालं, ते सांगायला हवं.

यजमान शिवाजीराव गेल्यापासून सुमंगलाबाई एकट्या. माहेर धारला, तिथंही आता कुणी उरलं नाही. विनीताचा नवरा अर्पित मूळचा इंदूरचा, आणि त्याला इंदूरच्या एका कंपनीनं बोलावणं धाडलं होतं. जावं की राहावं, यावर त्या दोघांचं घोडं अडलं होतं. मार्चमध्ये विनीता फोनवर सहज बोलून गेली, “निवडून आले तर चार वर्षं इथंच, आई. पडले तर बघू, येऊच मग.” आणि लगेच म्हणाली, “माझ्यासाठी टेकरीवर सातिया काढशील? दहावीला काढला होतास तसा?”

देवासकरांना हे सांगावं लागत नाही. टेकरीवर देवीच्या देवळामागच्या भिंतीवर माणसं मनातलं मागणं मागून कुंकवाचा उलटा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात. मागितलेलं मिळालं की परत चढून जायचं आणि त्याच्या शेजारी सुलटा काढायचा. मातेशी झालेला व्यवहार मातेशी पुरा करायचा. विनीताच्या दहावीला काढला होता, नर्सिंगच्या प्रवेशाला काढला होता. प्रत्येक वेळी सुलटा काढायला माय-लेकी दोघी गेल्या होत्या आणि उतरताना कचोरी खाऊन आल्या होत्या.

यंदा चैत्राच्या नवरात्रात सुमंगलाबाई रुक्मिणीवहिनींना सोबत घेऊन गेल्या. कुंकवात बोट बुडवलं, भिंतीला टेकवलं. जाताना मनात ‘लेकीला जिंकव’ हेच होतं, शप्पथ! पण बोट फिरायला लागलं आणि आतून भलतंच वर आलं. हरू दे. माते, तिला हरू दे आणि घरी येऊ दे. बोट भिंतीवरून उचललं तेव्हा मागून झालं होतं. मागे उभ्या रुक्मिणीवहिनी हात जोडून म्हणत होत्या, “विनूला यश दे गं माये.”

आता देवासची माता सात समुद्रापलीकडच्या मतपेट्यांत कशाला हात घालेल, हे सुमंगलाबाईंनाही कळत होतं. त्या काही खुळ्या नव्हत्या. पण मातेनं केलं की नाही ते माता जाणे. मागितलं कुणी, ते तर त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी विनीताचा निवांत फोन आला. आवाज बसलेला.

“आई, मिसेस हार्डी म्हणून एक आजी आहेत. ऐंशीच्या पुढच्या. काल मला मिठी मारून रडल्या. त्यांनी बाजारात जाणंच सोडलंय. मध्येच लागली तर जायचं कुठं, म्हणून.”

सुमंगलाबाईंनी फोन कानाशी आणखी जवळ धरला.

“तुला सांगू? मी हा विषय का धरला? तू दुकानात दिवसभर पाणी प्यायची नाहीस. आठवतं? गल्लीत सोयच नव्हती. मी शाळेतून आले की तू आधी घरी पळायचीस. माझ्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही गं.”

सुमंगलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. वीस वर्षं त्यांनी सकाळचा चहा घेऊन दुकान उघडलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ओठ कोरडे ठेवले होते. त्यापायी दोनदा किडनीचं दुखणं काढलं होतं. बायकांनी हे असलं बोलायचं नसतं, म्हणून शिवाजीरावांपाशीही कधी बोलल्या नव्हत्या. पोरीनं नुसतं बघून ठेवलं होतं. बघून ठेवलं, आणि परमुलखात जाऊन त्यासाठी लोकांची दारं ठोठावली होती. आणि आईनं काय केलं?

“मी परकी वाटले असेन का गं त्यांना?” विनीता विचारत होती. “दहा वर्षं त्यांची माणसं मी उचलली-निजवली. तरी नऊ मतं कमीच. म्हणून तर नसेल ना, आई?”

“नाही गं बाळा,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“जाऊ दे. अर्पितनं इंदूरला हो कळवलंय. जुलैत येतो आम्ही. तुला हवंच होतं ना? खूश हो आता.”

मागितलेलं सगळं मिळालं होतं. अगदी मापात, जास्त नाही, कमी नाही. आणि सुमंगलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक येणार होती, पण ‘मी परकी’ असा घाव घेऊन येणार होती. हा घाव कुणी गोऱ्यानं घातलेला नव्हता असं तिला सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस तोंड शिवून बसलं होतं. सांगावं तर पोर दुरावेल, आणि न सांगावं तर ती आयुष्यभर स्वतःलाच कमी समजेल.

मंगळवारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि कुंकवाची डबी कमरेला खोचली. रुक्मिणीवहिनी दारातच भेटल्या.

“टेकरीवर? चला, मीपण येते. पण डबी कशाला हो? ऐकलं नाही ना मातेनं. सुलटा काढायचं काही कारण नाही.”

सुमंगलाबाई टेकरीच्या दिशेनं चालू लागल्या. पायऱ्या चढताना रुक्मिणीवहिनी बोलत राहिल्या, यंदाचं ऊन, सुनेचे नखरे, टोमॅटोचा भाव. वर पोचेपर्यंत सुमंगलाबाईंचा श्वास फुलला होता. देवळामागची भिंत नवसांनी लाललाल झालेली. त्यांचा उलटा सातिया कोपऱ्यात होता, फिका पडलेला. त्यांनी डबी उघडली, बोट बुडवलं आणि त्याच्या शेजारी सुलटा काढला. सावकाश, चारी टोकं नीट. मध्ये ठिपके दिले.

“अहो, हे काय करताय?” रुक्मिणीवहिनी म्हणाल्या. मग त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा सुमंगलाबाईंकडे. “म्हणजे तुम्ही...”

“हो.”

रुक्मिणीवहिनी ओट्यावर बसल्या.  ही बडबडी बाई गप्प बसलेली सुमंगलाबाई आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या.

विनीताच्या जेवणाच्या सुट्टीचा फोन रोज याच वेळेला यायचा. आला. पडद्यावर तिचा नर्सचा निळा गणवेश, हातात सँडविच.

“आई, टेकरीवर? वा! अर्पित तिकिटं बघतोय...”

“विनू, तू मला विचारलंस, त्यांना परकी वाटले का म्हणून. नाही गं. परकं वाटणाऱ्याला कुणी एवढी मतं देतं का?” “हे बघ.”

त्यांनी फोन वळवून भिंतीसमोर धरला.

“सुलटा?” विनीता हसली. “अगं, पण मी हरले ना.”

“म्हणूनच.”

 पलीकडे इस्पितळातली कुठली तरी घंटी वाजत होती, तेवढीच.

“तू जिंकायला सांगितलं होतंस. मी उलटं मागितलं,” सुमंगलाबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या. फोन आपल्याकडे वळवायचं धैर्य त्यांना नव्हतं. “मातेनं केलं असेल, नसेल. मागितलं मात्र मी. ज्यांच्या दारी तू गेलीस त्यांनी नाही गं तुला दूर केलं. तुला यायचं तर ये, माझं घर तुझंच आहे. पण ‘मी लोकांना नको झाले’ म्हणून येऊ नकोस. आणि पुन्हा उभं राहायचं असलं तर राहा. मी आता काही मागणार नाही.”

 मग विनीताचा आवाज आला, नाक ओढल्यासारखा, अवघडलेला.

“चढून आल्यावर पाणी प्यायलीस?”

“नाही.”

“आधी पी. आणि उतरताना कठडा धर.”

फोन बंद झाला. ती येणार की नाही, रागावली की काय, काहीच कळलं नाही.

रुक्मिणीवहिनींनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. सुमंगलाबाई उभ्या उभ्या सगळी बाटली प्यायल्या. मग पदर सावरून त्या पायऱ्यांकडे निघाल्या, लेकीनं सांगितल्याप्रमाणे कठडा धरून. बोटाचं कुंकू पुसायचं राहिलं होतं. ते उतरताना कठड्याला लागत गेलं.