कोळशाच्या पुरचुंड्या

"डोंगरापलीकडचं पाणी पलीकडेच वाहतं, हे शेंबडं पोरही सांगेल," दादा म्हणाला. "आणि आमची धाकटी म्हणे भूगर्भतज्ज्ञ!"

धाकटीने नकाशावरून मान वर केली नाही. सगळं गाव ज्या झऱ्याचं पाणी पितं, त्याच्या रक्षणाची रेघ तिला ठरवायची होती. रेघेच्या आत पाणी नासवणारं काहीही बांधायचं नाही. जुन्या नकाशात ती डोंगरमाथ्यावरून जात होती. पलीकडे दादाची जमीन होती, आणि तिथे त्याचा पेट्रोल पंप व्हायचा होता.

"चुनखडीचा डोंगर आहे, दादा. आतून पोखरलेला. इथे पाणी उतार बघत नाही, भेग बघतं."

पलीकडे पाणी गिळणारा एक खड्डा होता. तिने त्यात निरुपद्रवी हिरवा रंग ओतला होता आणि अलीकडे झऱ्यात कोळशाच्या पुरचुंड्या टांगल्या होत्या. कोळसा रंग धरून ठेवतो. त्याने धरलाही होता.

"रंग ओतला कोणी? तूच. पुरचुंड्या काढल्या कोणी? तूच." दादाने तिचा हात उलटा केला. नखांच्या कडा हिरव्या होत्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

धाकटीचे कान तापले. ओतणाऱ्याने पुरचुंडीला हात लावायचा नाही, हे ती शिकाऊ मुलांना आधी बजावायची. मदतनीस आजारी पडला आणि घाई नडली. रंग झऱ्यातला की नखांतला, हे आता तिलाही सांगता येईना.

"बरोबर आहे तुझं. निकाल बाद," ती म्हणाली. "पुन्हा करते. या वेळी लाल रंग. ओतेन मी, पुरचुंड्या तू टांग, तूच काढ. मी झऱ्याकडे फिरकणारही नाही."

"आणि मी त्या टांगल्याच नाहीत तर?"

"तर वहिनी आणि पोरं काय पितात, ते तुलाही कळणार नाही."

दादा पुरचुंड्या उचलून चालता झाला.

काही दिवसांनी तो त्या झऱ्यातून काढून प्रयोगशाळेत घेऊन आला तेव्हा धाकटी दारातच हात मागे बांधून उभी राहिली. तपासनिसाने कोळसा द्रावणात बुडवला, दिवा लावला. बाटली तांबूस चमकली.

दादाने आपले हात उलटसुलट करून पाहिले. स्वच्छ होते.

धाकटीने जुनी रेघ खोडली, नवी ओढत नेली. दादाच्या जमिनीपाशी पेन्सिल अडखळली.

"थांबतेस काय? पलीकडून ने," तो म्हणाला. "आणि शाईने काढ. माझा काय नेम, उद्या खोडायला येईन."

धाकटीने पेन उघडलं.