दुसरी प्रत

लेकीने कागद खिडकीच्या काचेला टेकवला आणि बोटांनी चारी कडा सपाट धरल्या. उजेड त्यातून आलाच नाही. कागदावर नुसता डाग पडलेला नव्हता, तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तो काळा झाला होता, तव्याच्या बुडासारखा. तिने तो तिरका केला, उलटा केला, मागून मोबाइलची बॅटरी धरून पाहिली. एकही अक्षर दिसेना.

मागे टेबलाशी वडील संगणकासमोर बसले होते. चष्मा लावलेला, दोन्ही हातांची बोटं कळांवर तयार.

"वाच," ते म्हणाले.

"थांबा जरा, बाबा."

"पहिली ओळ वाच. सावकाश वाच, घाई नाही."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पलंगावर इस्त्री अजून उभी करून ठेवलेली होती. कागद खराब झालाय, येऊन जा, एवढंच तिने सकाळी फोनवर सांगितलं होतं. आता तिने बाकीचं सांगितलं, तेही दोन वाक्यांत. काल यांनी कागद घडी करून खिशात कोंबला, तो चुरगळला, म्हणून सरळ करायला तिने वरून हलक्या हाताने इस्त्री फिरवली.

लेकीचा पारा चढला. कागदाला इस्त्री कोण करतं, जगात वह्या-पुस्तकांखाली दाबून ठेवायची सोय नाही का, निदान आधी मला विचारायचंस, असं ती बरंच बोलली. आईने सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं माझं," आई म्हणाली.

आईच्या तोंडी हा शब्द म्हणजे नवलच होतं. उभा जन्म हॉस्पिटलात ईसीजी काढण्यात गेलेली बाई. तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती तोंडावर 'पट्टी उलटी धरलीत' म्हणून सुनवायची. घरात तर तिचं चुकलंय असं कुणी म्हणायचीही सोय नव्हती. पण लेक इतकी तापलेली होती की त्या शब्दाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

त्या काळ्या कागदावर एका डिस्कची किल्ली छापलेली होती, पासवर्ड विसरला तर वापरायची. किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे, ओळीखाली ओळ, अर्थ कशालाच नाही. ती जशीच्या तशी टाइप केली की डिस्क उघडायची, आणि एका अक्षराचा 'ध'चा 'मा' झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आत थोरल्या भावाचा आवाज होता. फोनवर पाठवलेले त्याचे निरोप, लहानपणी म्हटलेल्या कविता, एकदा ताप आला असताना झोपेत बडबडला होता तेसुद्धा. आणि सगळ्यात शेवटी, तो ज्या संध्याकाळी गेला त्या संध्याकाळचा निरोप. 'बाबा, निघालोय. जेवायला थांबा माझ्यासाठी.' त्यानंतर रस्त्यात त्याच्या गाडीवर ट्रक आला.

तो निरोप कुणीतरी कुणाला पाठवला, त्याने पुढे पाठवला, आणि आठवडाभरात ओळखीपाळखी नसलेली माणसं तो ऐकून हळहळू लागली. वडील तेव्हा धडधाकट होते. एका कंपनीत संगणक सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुलपं आणि किल्ल्या हा त्यांचा धर्मच. हे साखरेच्या डब्यालाही पासवर्ड लावतील, अशी मावशी त्यांची टिंगल करायची. त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा फोन मागून घेतला, मुलाचा आवाज जिथे जिथे होता तिथून काढून डिस्कवर ठेवला, बाकी ठिकाणचा पुसला, आणि डिस्कला कुलूप घातलं. माझ्या पोराची कुणी तमाशासारखी तिकिटं फाडायची नाहीत, असं म्हणाले होते.

आता ते विसरतात. आधी चष्मा, मग गल्ली, मग डिस्कचा पासवर्ड, आणि मागच्या पावसाळ्यानंतर मुलगा गेल्याचंही. विसरले नाहीत ते रोज सकाळी त्या कागदावर बोट ठेवून किल्ली टाइप करायचं. डिस्क उघडली की बाकी काही न ऐकता ते थेट शेवटचा निरोप लावत. मुलाला ते लहानपणापासून 'साहेब' म्हणत, कारण तो त्यांच्या खुर्चीत बसून त्यांनाच कामं सांगायचा. निरोप ऐकला की चेहरा उजळायचा. साहेब निघालेत, म्हणायचे, आणि जेवायला थांबायचे. दुपार टळायची, दिवे लागायचे, ते फाटकाशीच. घास म्हणून घ्यायचे नाहीत. कुणी खरं सांगितलं, तर ती बातमी त्यांना पहिल्यांदाच कळायची. भिंतीला धरून खाली बसायचे. मग तर जेवणाचा प्रश्नच नव्हता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान आता काठीसारखी दिसायची. वजन असंच उतरत राहिलं तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

वडिलांनी हात पुढे केला. लेकीने कागद दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, नखाने खरवडला, आणि टेबलावर ठेवला. बोलले ते ऑफिसातल्या जुन्या आवाजात.

"गेली. किल्ली गेली की गेली. याला मागचं दार नसतं." मग थोडं थांबून, "पण दोन प्रती असतात. दोन घरांत. दुसरी कुठाय?"

"माझ्याकडे आहे," लेक म्हणाली.

आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

लेक आपल्या घरी आली ती चपला न काढताच कपाटाशी गेली. तिची कागदपत्रांची फाइल म्हणजे बघत राहावं अशी. घराचे कागद, विम्याचे, दाखले, प्रत्येकाला प्लॅस्टिकचा वेगळा कप्पा, वर चिठ्ठी. व्यवस्थितपणा तिला वडिलांकडूनच आलेला. 'बाबांची किल्ली' लिहिलेल्या कप्प्यात तिने बोटं घातली. कागद प्लॅस्टिकला चिकटला होता. तो सोडवून तिने पाहिला तर कोरा. उलटी बाजू असेल म्हणून तिने तो पालटला. तिकडेही कोरा.

तिने फाइल झटकली, दुसरे कप्पे पाहिले. मग दिव्याखाली नेऊन कागद तिरका धरला. घडीच्या कडेला, जिथे प्लॅस्टिक टेकलं नव्हतं, तिथे एक करडी रेघ उरली होती. तो एक होता किंवा सात. बाकी सगळं पांढरंशुभ्र. ती तिथेच फरशीवर बसली.

छापण्याचा तो दिवस तिला आठवला. वडिलांनी कंपनीतून दुकानात पावत्या छापतात तसलं एक छोटं यंत्र आणलं होतं. तिने विचारलं, घरात चांगला प्रिंटर असताना हे खेळणं कशाला? तर म्हणाले, मोठ्या प्रिंटरच्या पोटात सगळं राहतं, कुणीही काढून घेईल. हे बिचारं छापतं आणि विसरतं. यंत्राने दोनदा किरकिर केली आणि दोन पट्ट्या बाहेर टाकल्या. आईने त्यातली एक बोटांत धरली, चोळली, आणि तोंड वाकडं केलं. हा ईसीजीचाच कागद, माझ्या चांगला ओळखीचा आहे, ती म्हणाली. आच लागली तर काळा, प्लॅस्टिक लागलं तर पांढरा. पेशंटांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं. मी हाताने उतरवून देते ना! वडिलांनी ते उडवून लावलं. हाताने एक अक्षर चुकलं की सगळं मातीत. मग आईने हॉस्पिटलातली दोन खाकी पाकिटं काढली आणि एकेक पट्टी त्यात घालून दिली. लेकीने घरी येऊन पाकीट फेकलं. कागदी पाकिटाला दमट हवा लागते, प्लॅस्टिक बरं, असं तिला वाटलं होतं. आईचं बोलणं तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं.

आच लागली तर काळा.

जन्मभर लोकांना हे सांगत आलेली बाई त्याच कागदावर इस्त्री फिरवते, आणि वर 'चुकलं माझं' म्हणते.

ती परत आईकडे पोचली तेव्हा ऊन उतरायचं होतं. दार उघडंच होतं. वडील जेवत होते. फाटकाशी नव्हते, दाराकडे डोळेही लागलेले नव्हते. ताटावर वाकून, भुकेल्या माणसासारखे, घाईघाईने जेवत होते. हनुवटीला कण लागला होता.

"आलीस? बस," ते म्हणाले. "जेवलीस का?"

किल्लीचं नावही त्यांनी काढलं नाही. लेक स्वयंपाकघरात गेली. आई भांडी घासत होती.

"तुला माहीत होतं," लेक हळू आवाजात म्हणाली. "मुद्दाम केलंस."

आईने नळ बंद केला. ती वळली नाही.

"हो."

"लपवायचास नुसता."

"लपवून बघितला. आठ दिवसांपूर्वी. त्यांनी गाद्यांच्या शिवणी उसवल्या. मला चोर म्हणाले. काळा झालेला दाखवला की त्यांना पटतं, धंद्यातला माणूस आहे ना. उद्या विचारतील तेव्हा उद्या दाखवीन." तिने हातातलं भांडं पुन्हा घासायला घेतलं, ते आधीच स्वच्छ होतं. "रोज मी त्यांना सांगायचं, आणि रोज त्यांनी पहिल्यांदा ऐकायचं. एक गेला तो गेलाच. त्याच्यासाठी थांबून दुसराही माझ्यादेखत उपाशी मरतोय. मी काय करायचं होतं, तूच सांग."



"आणि आवाज काय त्यांच्या एकट्याचा होता?" आई म्हणाली. "यांनी सकाळी उघडलेली डिस्क रात्रीपर्यंत उघडीच असायची, हे झोपले की मी बसायचे तिथे. तो तापात बडबडलाय ना, ते लावायचे. त्यात तो मलाच हाक मारतो. इस्त्री हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली मी. तुझ्याकडे दुसरा आहे म्हणून हात धजावला. नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं." ती वळली. साबणाचे हात तिने पुढे तसेच धरले होते. "आहे ना?"

लेकीच्या खांद्यावर पिशवी होती. पिशवीत घडी घातलेला कागद होता.

"आहे," ती म्हणाली.

"नीट? वाचता येतोय?"

"अक्षर न् अक्षर."

आईचा जीव भांड्यात पडला. ती मागे सरकून स्टुलावर बसली आणि कोपराने डोळे पुसले. मग झालं, म्हणाली. यांच्यामागे आपण दोघी ऐकू. तू वाच, मी टाइप करीन, एका बोटाने का होईना. वर्षं लागली तरी चालेल. तोवर यांना कळता कामा नये, हे तिने दोनदा बजावलं.

"आणलायस?"

"हो."

"बघू."

आईने हात पुढे केला. लेकीने पिशवीत हात घातला आणि तो तसाच आत ठेवला. आईची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. फेस अजून त्यांवर होता. तिने हात मागे घेतला.

"नको. माझे हात ओले आहेत, उगाच खराब व्हायचा. त्या फळीवर बघ, खाकी पाकीट आहे. पहिलं आता जीर्ण झालं असेल. तूच घाल."

लेकीने फळीवरून पाकीट घेतलं. कागदाची घडी न उघडता तिने तो आत सरकवला आणि तोंड चिकटवलं. बाहेर वडिलांनी पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. पोट भरलं, असं ते स्वतःशीच म्हणत होते.

आई स्टुलावरून तिच्या हातांकडे पाहत होती.

"सारखं उघडून बघू नकोस," ती म्हणाली. "उजेड बाधतो त्याला."

"नाही उघडणार," लेक म्हणाली.