मामा आणि बोटीचं कर्ज

"वहिनी, कर्जाचं मामांसमोर बोलू नका," शेजारची करुणा म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

पैठण धरणाच्या नाथसागरात सहलींसाठी बोट घ्यायची, म्हणून मी मामांसमोरच, म्हणजे सासऱ्यांसमोरच, कर्जाचं समजावत बसले. बँकेचं व्याज कमी, पण आधी बोटीचे कागद आणि विमा लागतो. नवरा इंद्रजीत म्हणाला, "त्यापेक्षा सोनं गहाण ठेवू."

"लेकीचं सोनं? अजिबात नाय!" मी ठणकावलं.

मामा वैतागले. "लई झालं तुमचं! व्याज कशाला भरता? माझा फंड हाय की!"

आज सकाळी फंडाचे सगळे पैसे पिशवीत घालून ते बोटवाल्याकडं पैठणला गेले. ना कागद, ना विमा! फोनही उचलत नाहीत. इंद्रजीत बजाजनगरहून निघालाय, पण हे वाचणारं कुणी पैठणजवळ असाल तर धरणाकडं बघा ना. पांढरी टोपी, निळी पिशवी. पैसे द्यायच्या आधी थांबवा त्यांना.