केसपेपरवर नसलेलं

चौकशी समितीच्या टेबलावर मार्टिनाचा केसपेपर उघडा होता. पेरूच्या डोंगरातल्या त्या लहानशा इस्पितळात एवढं देखणं अक्षर फक्त तरुण नर्स रुफिनाचं. एक वाजता बीपी ठीक, नाडी ठीक, पेशंट थकलेली. तीन वाजता मार्टिना गेली. ओली बाळंतीण, पोटातल्या पोटात रक्त वाहून.

आदल्या ड्युटीच्या झेनायदा सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या. तीस वर्षं नोकरी झाली, पण लिहायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. ड्युटी संपताना चार्ज द्यायचा तो खाटेखाटेपाशी थांबून, तोंडी. त्या दिवशीही त्यांनी बजावलं होतं, "रुफिना, ही आत्ताच जांभया द्यायला लागलीय बघ. बाळंतीण अशी जांभया देते तेव्हा आतून रक्त जात असतं. आकड्यांवर जाऊ नकोस. डॉक्टरांना निरोप धाड आणि हिच्यापाशीच बस."

रुफिना हसली होती. "रात्रभर कळा सोसल्यात तिनं, सिस्टर. जांभया देईल नाहीतर काय नाचेल?"

लिमाहून पहिल्या नंबरानं पास होऊन आलेली पोर ती. तक्त्यात जांभयांचा रकाना नव्हता. तिनं 'थकलेली' लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली.

"आदल्या सिस्टरनी धोक्याची सूचना दिल्याची नोंद नाही," अध्यक्ष डॉक्टर वाचत होते. "तेव्हा हलगर्जी त्यांची."

झेनायदा सिस्टर काही बोलल्या नाहीत. बाहेर बाकावर मार्टिनाचा नवरा अंगावरच्या लोकरी पोंचोत बाळ गुंडाळून बसला होता. रुफिनानं नुसतं गप्प राहायचं होतं, तिचा कागद तिला वाचवत होता. तिला स्वतःच्या त्या सुंदर अक्षराची किळस आली.

"साहेब, त्यांनी सांगितलं होतं."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. लिहायचं काम माझं होतं. मी हसण्यावारी नेलं."

"विचार करून बोला. नोकरी जाईल."

"जाऊ दे. तसंच लिहा."

बाहेर आल्यावर तिला रडू फुटलं. "तुम्ही गप्प का राहिलात, सिस्टर?"

झेनायदा सिस्टर पायरीवर टेकल्या. "हे मला कुठून कळलं, ते कधी विचारलंस का गं?"

रुफिनानं नकारार्थी मान हलवली.

"तुझ्याएवढी असताना माझ्याही हातून एक गेली. अशीच जांभया देत. कुणी विचारलं नाही, मीही कुठे लिहिलं नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या पोरीला सांगत आले."

"नाव काय होतं तिचं?"

झेनायदा सिस्टर बराच वेळ आठवत राहिल्या. त्यांना ते आठवेना.