कैलासचा उजवा पाय

माणसाला दोन पाय कशासाठी दिले आहेत, या प्रश्नाचं अंतिम उत्तर मानवजातीला दोन हजार चार सालच्या दसऱ्याच्या सुमारास, समुद्रपूरच्या बसस्टँडसमोरच्या एका गाळ्यात मिळालं. माणसाला दोन पाय कमिशनसाठी दिले आहेत. चालण्याचं काम काय, एसटीही करते.

गाळा योगेंद्र सरांचा होता. 'सर' ही पदवी त्यांना त्यांनी स्वतःच दिली होती. त्याआधी ते हिंगणघाटला घरोघरी पाण्याचे फिल्टर विकत. आता त्यांच्याकडे एक टाय, एक टेलिफोनची लाइन आणि एक संगणक होता. संगणकाच्या पडद्याला झेंडूची माळ, कडेला कुंकवाचं बोट. लोक चपला बाहेर काढून आत येत, कारण आत दर्शन होतं. पडद्यावर प्रत्येक सभासदाचं एक पान उघडायचं : वर लिहिलेलं 'धनपावली डॉट कॉम', खाली त्याचं नाव, आणि नावाखाली त्याचं कमिशन. ते कमिशन डोळ्यांदेखत वाढायचं. पैशापैशाने, पण थांबायचं म्हणून नाही.

संध्याकाळी ढोरं गावात शिरायची तेव्हा गाळा भरायचा.

"बोला, अमेरिकेत आता काय चालू हाय?" योगेंद्र सर विचारत.

"सकाळ, जी!" लोक एका सुरात सांगत.

"सकाळी उठून माणूस काय करते?"

"आंघोळ!"

"आंघोळीले काय लागते?"

"साबण!"

"अन् तो अमेरिकेवाला साबण कोणाच्या पानावरून घेऊन राह्यला? आपल्या कैलासभौच्या पानावरून! पाहा, पाहा, हे वाढले! कैलासभौ इथं बसून खर्रा घोटून राह्यला अन् तिकडे साहेब आंघोळ करून राह्यला. येच तो सिस्टम हाय!"

टाळ्या पडत. कैलास लाजून तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा. स्वतःच्या घरी तो कपड्याच्या साबणाच्या वडीवरच आंघोळ करायचा, पण सातासमुद्रापलीकडे त्याच्या नावाने साबण खपतो हे ऐकून माणूस दोन बोटं उंच होतोच. त्याचं बाजारात कटलरीचं छोटं दुकान होतं. ते आता दुपारी उघडायचं, कधी उघडायचंच नाही.

पैसे दिसत होते. हातात येत नव्हते, एवढंच. त्याला एक अट होती. प्रत्येक सभासदाने आपल्या खाली दोन माणसं भरायची. एक डावा पाय, एक उजवा पाय. दोन्ही पायांत निदान एकेक माणूस आला की जोडी जुळते, आणि जोडी जुळली की कमिशन सुटतं. कैलासने डाव्या पायाखाली बायकोचं, म्हणजे रुख्मिणीचं, वडनेरचं अख्खं माहेर भरलं होतं. सासरा, दोन साळे, चुलतसासरा. डावा पाय नुसता सुजला होता. उजवा मात्र रिकामा.

"कैलासचा उजवा पाय कमजोर हाय म्हणते," ही बातमी बाजारात पसरली तेव्हा शेजारचा म्हातारा तानबा वातावरच्या तेलाची शिशी घेऊन दुकानात आला.

"कोमट करून लावजो, बापा," तो म्हणाला. "लहानपणी तर चांगला पळे तू."

लोक तानबाला खूप हसले. मागे वळून पाहिलं तर त्या वर्षी तालुक्यात पायाबद्दल शहाणं असं तो एकटाच बोलला.

उजव्या पायासाठी कैलासच्या डोळ्यांसमोर एकच नाव होतं. त्याची मोठी बहीण, नलूबाई. नवरा वारल्यापासून ती पिठाच्या चक्कीवर घर चालवत होती. चक्की गावातच, शाळेच्या मागे. नलूबाई पहाटे पट्टा चढवायची, की केसांवर, पापण्यांवर, पदरावर पीठ. पोरं तिला भूत म्हणत आणि ती पोरांना गव्हाचे चार दाणे फेकून मारी. तिच्याकडे शिल्लक काही नव्हतं. चक्की होती.

भाऊबीजेला कैलास तिच्याकडे गेला. तिने पाट मांडला, ओवाळलं. कैलासने ताटात ओवाळणी टाकली. साडी नव्हती, नोट नव्हती. एक चकचकीत कार्ड होतं.

"हे काय होय?" नलूबाईने विचारलं.

"तुहा आयडी, बाई. माह्या उजव्या पायाची जागा तुह्यासाठी धरून ठेवली. लोक मांगून राह्यले, मी कोणाले देल्ली नाई. म्हटलं, ओवाळणी बहिणीचीच."

"मंग मले काय करा लागते?"

"चालू करा लागते. थोडे पैसे भरले का झालं."

"थोडे म्हंजे किती?"

कैलासने सांगितलं. चक्की विकली तरच तेवढे होणार होते, आणि चक्की घ्यायला डोमाजी शेठ कधीचे तयार होते. भावाने बहिणीला ओवाळणी घालायची आणि ती ओवाळणी चालू करायला बहिणीने घर चालवणारी वस्तू विकायची, असा हा नवा रिवाज होता.

तरी तिने लगेच होकार दिला नाही. "मी पाह्यतो आंधी," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वर्षाली मॅडमना घेऊन गाळ्यात आली. वर्षाली मॅडम ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि त्यांचा गहू नलूबाईकडे दळला जाई. दुपारची वेळ होती. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे गर्दीही चांगली होती, माझ्यासकट. नलूबाईने चप्पल बाहेर काढली. मॅडमनी काढली नाही. तिथूनच वातावरण थोडं बिघडलं.

पडद्यावर कैलासचं कमिशन चढत होतं.

"सर, दुपारचे दोन वाजले," मॅडम म्हणाल्या. "अमेरिकेत आता मध्यरात्र उलटली असेल. आता कोण आंघोळ करून राह्यलं?"

"नाइट ड्यूटीवाले, मॅडम!"

गाळा हसला. मॅडमही हसल्या.

"बरं. हा आकडा येतो कुठून?"

"सर्व्हरमधून. सिंगापूरहून. डायरेक्ट."

"पण इथं पोचतो कसा?"

"फोनच्या लाइनीतून, और कैसे?"

"ही लाइन?"

"हेच."

मॅडमनी वाकून भिंतीतली वायर उपटली.

सगळे पडद्याकडे पाहत होते. कैलासचं कमिशन वाढत होतं. वायर मॅडमच्या हातात, तिचं टोक लोंबत होतं, आणि सिंगापूरहून डायरेक्ट पैसे येत होते.

"आता सांगा," मॅडम लोकांकडे वळल्या. "लाइन तुटली तरी आकडा वाढतो, म्हणजे तो बाहेरून येतच नाही. या पानातच लिहून ठेवलंय की इतका वेळ गेला की इतके पैसे वाढव. नागपूरचा ऑटो जागेवर उभा आहे आणि मीटर पळून राह्यलं, असं आहे हे. कोणी साबण घेतला नाही. कोणी आंघोळ केली नाही."

योगेंद्र सरांचा चेहरा पडलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, तो त्या वेळी. फार तर एका श्वासापुरता. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"पाह्यलं? पाह्यलं का सगळ्यांनी? मॅडमनं लाइन काढली, तरी कमिशन थांबलं नाई! सरकारची लाइन बंद पडन, वीज जाईन, दुनिया इकडची तिकडे होईन, पण धनपावलीचं कमिशन थांबत नाई! मॅडम, थँक यू. असा डेमो तर मीबी देल्ला नव्हता!"

"अरे वा रे वा!" मागून कोणी ओरडलं. "बिना वायरीचं वाढून राह्यलं बे!"

टाळ्यांनी पत्रे हलले. एकाने नारळ आणला, तो पायरीवर फुटला. काही जणांनी तिथेच नावं नोंदवली. विज्ञानाचा प्रयोग इतका यशस्वी झालेला आणि त्याचा इतका उलटा निकाल लागलेला मी दुसरा पाहिला नाही. वर्षाली मॅडमच्या हातात वायर तशीच होती. कोणीतरी ती अदबीने काढून घेतली आणि कपाळाला लावली.

पण दोन माणसं टाळ्या वाजवत नव्हती. एक नलूबाई. दुसरा कैलास.

परत जाताना मॅडमनी नलूबाईला उरलेलंही समजावलं. माल कुठेच विकला जात नाही. नव्या माणसाने भरलेले पैसे, त्यातून वरच्या एकदोघांना दाखवण्यापुरते, बाकी योगेंद्र सरांना. प्रत्येकाला दोन माणसं हवीत, त्या दोघांना चार, त्या चारांना आठ. थोड्याच पायऱ्यांत समुद्रपूर संपतं, मग तालुका संपतो. शेवटी जे येतात त्यांना पाय मिळत नाहीत, आणि शेवटी येणारेच सगळ्यांत जास्त असतात.

"समजलं, मॅडम," नलूबाई म्हणाली. "वरून दाणे टाकाचे नाई अन् खालून पीठ पाह्यजे. असं कुठं होते?"

मॅडम निश्चिंत मनाने घरी गेल्या.

दिवेलागणीला कैलास चक्कीवर आला. चक्की बंद होती, नलूबाई जात्याच्या तोंडावरचं पीठ झाडत होती. तो पोत्यावर बसला.

"तूनं पाह्यलं ना, कैलास?"

"पाह्यलं."

"खोटं हाय, हे समजलं ना तुले?"

"समजलं."

"मंग काऊन आला?"

"रुख्मिणीचे भाऊ वडनेरवरून येऊन दारात बसून राह्यले, बाई. सासऱ्यानं दोन्ही बैल विकून भरले होते. रुख्मिणीले माहेरी पाय ठेवू देत नाई म्हणते. तू भरशीन तं माही जोडी जुळते. जोडी जुळली का माहे सुटतीन. माहे सुटले का त्यायचे देतो."

"अन् माहे?"

"तुहेबी निघतीन. तू कोणाले तरी टाकजो ना खाली."

"कोणाले टाकू?"

नलूबाई झाडणी खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. तो तिच्यापेक्षा बराच लहान. आई गेली तेव्हा तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला होता.

आठवडा संपायच्या आत चक्की डोमाजी शेठना गेली.

यावर आपण शहाणी माणसं लगेच म्हणतो, की लोक अडाणी, लोक अंधश्रद्धाळू. नलूबाई तशी नव्हती. तिला वायर दिसली होती, समजली होती, आपल्यापैकी अनेकांपेक्षा आधी समजली होती. योगेंद्र सरांना तिचा विश्वास नकोच होता. पहिल्या चार माणसांनी विश्वास ठेवला की पुढचं काम नाती करतात. भोंदूबाबाला भक्त लागतात; इथे एक अडकलेला भाऊ पुरतो. म्हणून पडद्यावरचा आकडा पाहण्याआधी साधा प्रश्न विचारावा, की हे कमिशन नेमकं कोणाच्या खिशातून येणार आहे. कोणी वस्तू विकत घेतली म्हणून येत नसेल, तर ते आपल्या मागून येणाऱ्याच्या खिशातून येणार, आणि आपल्या मागून अनोळखी माणूस येत नसतो. भाऊबीजेच्या ताटातून येतो. हा प्रश्न विचारायला फिजिक्स लागत नाही. आणि उत्तर कळलं की तिथेच थांबावं, स्वतःचे बुडाले तरी. शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे, हे मला माहीत आहे.

नलूबाईने पैसे भरले आणि कैलासची जोडी जुळली. पडद्यावर फुलं उधळली गेली आणि खाली अक्षरं आली : हार्दिक अभिनंदन. कमिशन सुटण्यासाठी आता आपल्या उजव्या पायाचे दोन्ही पाय भरा.

तुळशीचं लग्न लागलं आणि योगेंद्र सर दिसेनासे झाले. टाय खुंटीला होता. पोलिसांनी संगणक ठाण्यात नेला आणि पंचनाम्यासाठी सुरू केला. ठाण्याच्या त्या खोलीत फोनच नव्हता. जमादाराने कमिशनची रक्कम लिहून घेतली, वर पाहिलं, खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. शेवटी त्याने लिहिलं, 'रक्कम वाढती आहे,' आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

कैलासचं दुकान बंद आहे. रुख्मिणी माहेरी जात नाही. चक्की डोमाजी शेठचा नोकर चालवतो. नलूबाई तिथेच दळण आणते, रांगेत बसते, आणि दळणाचे पैसे देते.